‘मित्राची गोष्ट’ व ‘कोबाल्ट ब्लू’ : निवेदनाचा पुरुष

समलिंगी प्रेमाविषयीचे लोकमत आकड्यांनी मोजण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता असावी, असे म्हणणारे लोक गॅलप संस्थेच्या पाहणीत १९९६ साली शेकडा २७ होते. २०२१ साली ते शेकडा ७० झाले. हा पालट मोठा आहे. परंतु अशा पाहणीतील प्रश्न नेहमी तृतीय पुरुषी असतो. ‘त्यांना’ हा अधिकार असावा काय, एवढेच ती विचारते. ज्यांच्याविषयी विचारणा होते त्यांच्या तोंडी ‘मी’ केव्हा आला, हे तिच्यावरून कळत नाही. ते वाङ्मयात शोधावे लागते.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. नमावर प्रेम करणाऱ्या सुमित्रेला त्यात ‘मित्रा’ म्हणतात. ‘मित्र’ हे पुल्लिंगी नाम आणि ‘मित्रा’ हे स्त्रीचे विशेषनाम या दोहोंचे षष्ठीचे रूप ‘मित्राची’ असे एकच होऊ शकते. या श्लेषामुळे शीर्षकच लिंगाचा निर्णय लांबणीवर टाकते. इंग्रजी भाषांतराच्या ‘अ फ्रेंड्स स्टोरी’ या शीर्षकात तो उरत नाही.

नाटकात मित्रा स्वतः बोलते हे खरे; तथापि कथनाची सूत्रे बापूच्या हाती आहेत. तिचे दुःख त्याच्या आकलनाच्या मापानेच प्रेक्षकांपर्यंत पोचते. त्याची सहानुभूती अखेर अपुरी पडते आणि मित्रा आत्महत्या करते. हे अपुरेपण तेंडुलकर झाकीत नाहीत, यात नाटकाचे बळ आहे. मात्र मृत्यूवाचून दुसरी वाट नायिकेला मिळत नाही, ही त्याची मर्यादाही मानावी लागेल.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत तनय व अनुजा ही भावंडे एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडतात. तनय त्याला ‘तू’ असे संबोधून स्वतःच आपली हकिकत सांगतो. ‘मी गेलो’, ‘तू आलास’ अशा रूपांत मराठी क्रियापद दोघांचेही पुरुषत्व पदोपदी व्यक्त करते. इंग्रजी क्रियापदास ते साधत नाही. त्यामुळे तनयच्या प्रेमाला वेगळे नाव देण्याची गरजच पडत नाही. अनुजेचे निवेदन त्याच्या जोडीला समान मानाने येते. दोघांचाही विरह एकच. तनयचा अपवाद म्हणून समजावून सांगितला जात नाही.

एका कादंबरीवरून समाजाचे मत बदलले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ती प्रसिद्ध झाली तेव्हा दंडसंहितेचे ३७७ वे कलम अबाधित होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले. विवाहाची मान्यता २०२३ च्या निर्णयानेही मिळाली नाही. म्हणजे कायद्याच्या पूर्वी बारा वर्षे कादंबरीने हा ‘मी’ उच्चारला होता. मराठीतील या विषयाचा इतिहास लिहिताना केवळ विषयाची नोंद घेऊन भागणार नाही. निवेदनाचा पुरुष कोणता, हेही तपासले पाहिजे.