चौकटीतला दुसरा यार

चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या प्रदर्शन मैदानावर डिसेंबर २०२४ मध्ये आठवड्याच्या अंतराने दोन मोठे कार्यक्रम झाले. ७ तारखेला करण औजला गायला, १४ तारखेला दिलजीत दोसांझ. गर्दी, वाहतूक आणि आवाज यांवरून रहिवासी वैतागले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आवाजाला ७५ डेसिबलची मर्यादा आली. दिलजीतने मंचावरूनच जागेच्या व्यवस्थेबद्दल नाराजी बोलून दाखवली. मंच मैदानाच्या मधोमध असावा आणि प्रेक्षक त्याच्या चहूबाजूंनी, असे त्याचे एक म्हणणे होते. मागणी व्यवहाराची होती आणि रास्तही होती. मात्र गेल्या वीसेक वर्षांतला पंजाबी सिनेमा पाहिलेल्या माणसाला त्या रचनेत या सिनेमाचा आराखडाच दिसेल: मधोमध एक गायक, बाकीचे सगळे भोवती. मला त्या बाकीच्यांविषयी लिहायचे आहे. विशेषतः त्यांच्यातल्या एकाविषयी, ज्याला प्रत्येक गाण्यात 'यार' म्हटले जाते आणि प्रत्येक दृश्यात मागे उभे केले जाते.

हा सेक्टर तरुण मुलांचा आहे. शिकवणी वर्ग, परदेशी जाण्यासाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या संस्था, विभागीय पासपोर्ट ऑफिस, सगळे हाकेच्या अंतरावर. पंजाब-हरियाणातल्या गावांतून आलेल्या मुलापुढे इथून काही वाटा फुटतात: सरकारी नोकरी, कॅनडा, आणि शेजारच्या मोहालीत वाढलेला गाण्याचा-सिनेमाचा धंदा. एकटा तो सहसा निघत नाही. खोलीचे भाडे वाटून घेणारे, मोटरसायकल आळीपाळीने चालवणारे, एकमेकांचे पहिले गाणे ऐकणारे मित्र बरोबर असतात. म्हणजे मैत्री आणि महत्त्वाकांक्षा या दोन्ही गोष्टी पंजाबी सिनेमाच्या दारातच बसलेल्या आहेत. तरीही त्या दोघींची गाठ तो पडद्यावर फार क्वचित घालून देतो.

कारण या सिनेमाच्या घडणीत आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चे छायालेखक मनमोहन सिंग यांनी २००२ मध्ये 'जी आयाँ नूँ' केला, आणि मरगळलेल्या पंजाबी सिनेमाला पुन्हा प्रेक्षक मिळाला. त्याचा नायक होता गायक हरभजन मान. मग ते सूत्रच झाले. गिप्पी गरेवाल, दिलजीत दोसांझ, अमरिंदर गिल, अॅमी विर्क, सगळे गाण्यातून सिनेमात आले. गायकाचा चेहरा आधीच गावोगाव पोचलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या तिकिटांची थोडीफार हमी मिळते. निर्मात्याचा हिशेब यात चुकत नाही, पण पटकथेचा चुकतो. ज्या माणसासाठी लोक आले आहेत त्याला दर दृश्यात जिंकवावे लागते, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राला स्वतःचे असे काही मागता येत नाही. तो विनोद करतो, निरोप पोचवतो, लग्नात नाचतो. त्याला काय व्हायचे आहे हे कुणी विचारत नाही.

'जिहने मेरा दिल लुटेया' (२०११) मध्ये गिप्पी आणि दिलजीत समोरासमोर उभे होते. दोघेही तेव्हा चढत्या कमानीवरचे गायक. पडद्याबाहेरची ती खरी चुरस पडद्यावर आली असती, तर एक धारदार सिनेमा झाला असता. चित्रपटाने मात्र ती चुरस एका मुलीवर नेऊन ठेवली, आणि ते पाहताना हसू येते पण मन कुठे अडकत नाही. त्याच वर्षी अनुराग सिंग यांचा 'यार अनमुल्ले' आला. तीन विद्यार्थी मित्र, त्यांची धमाल, त्यांच्या प्रेमकथा. महाविद्यालयातले रिकामे दुपारचे तास या चित्रपटाने प्रेमाने टिपले आहेत, आणि त्यासाठी तो मला आवडतो. पण पदवीनंतर तिघांपैकी एकाला काम मिळाले आणि दोघांना नाही, तर काय? तिथे तो पोचतच नाही. पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाने 'जट्ट अँड ज्युलिएट' (२०१२) केला, आणि त्यात नायकाची महत्त्वाकांक्षा कॅनडात कायमचे वास्तव्य मिळवण्याएवढीच उरली. पंजाबी सिनेमातली आकांक्षा बहुधा अशी व्हिसाच्या अर्जावर मावते. शीर्षकातला 'जट्ट' हाही साधा योगायोग नाही. एका जातीचा अभिमान नायकाच्या नावातच आल्यावर दुसऱ्या वस्तीतून आलेल्या मित्राला बरोबरीची जागा कशी मिळणार?

पडद्यामागे नजर टाकली की चित्र पालटते. तिथली मैत्री जिवंत आहे, कामाची आहे, आणि तिच्यात महत्त्वाकांक्षा उघडपणे धडधडते. मराठी प्रेक्षकाला जसपाल भट्टी आठवत असतील. दूरदर्शनवरचा १९८९ चा 'फ्लॉप शो' आपल्याकडेही घराघरांत पाहिला गेला. भट्टी चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी, त्यांचा नॉनसेन्स क्लब तिथलाच, आणि रस्त्यावर उभे राहून व्यवस्थेची टर उडवण्याची त्यांची रीत या मित्रमंडळींतूनच आली. त्या कार्यक्रमात सहकलाकार विवेक शौक कुणाचे शेपूट नव्हता. भट्टींच्या कोरड्या चेहऱ्याला त्याची चपळाई टक्कर देत असे, आणि विनोद त्या टकरीतून उडे. पुढे विनोदात मोठे नाव झालेला सुनील ग्रोव्हरही सुरुवातीला भट्टींबरोबरच काम करत होता. २५ ऑक्टोबर २०१२ रोजी, 'पॉवर कट' प्रदर्शित होण्याच्या आदल्या दिवशी, भट्टी अपघातात गेले. त्यांच्याइतका समूहावर विश्वास ठेवणारा पंजाबी चित्रपटकार त्यानंतर मला दिसलेला नाही.

अलीकडचे उदाहरण गाण्यांच्या व्हिडिओंचे आहे, आणि त्याकडे समीक्षकांनी उगाच नाक मुरडून दुर्लक्ष केले आहे. २०१३ मध्ये 'सोच' आले. शब्द जानीचे, संगीत बी प्राकचे, आवाज हार्डी संधूचा, व्हिडिओ अरविंदर खैराचा. हार्डी आधी वेगवान गोलंदाज होता आणि दुखापतीने त्याचे क्रिकेट थांबले होते. प्राक संगीतकाराचा मुलगा. चौघांच्याही हाती गमावण्यासारखे फारसे नव्हते. तीन वर्षांनी त्याच गाण्याचे नवे रूप 'एअरलिफ्ट'मध्ये वाजले. खैरा चार-पाच मिनिटांत एक पूर्ण कथा सांगतो, तिला वळण देतो, बहुतेक वेळा कुणाला तरी मरू देतो. ही शोकाची सवय आता साचा झाली आहे आणि तो मोडायला हवा. पण या गटाने एक गोष्ट अशी केली, जी चित्रपटांना जमली नाही: मागच्या माणसाला पुढे येऊ दिले. इतरांसाठी चाली बांधणारा प्राक २०१७ मध्ये 'मन भर्या' घेऊन स्वतः गायला उभा राहिला. जानी तर आपले नाव गाण्यातच गुंफतो. आपल्या अभंगांत 'तुका म्हणे' येते, तशी ही नाममुद्रा. गीतकाराचे नाव पडद्यावर दोन सेकंद दिसून विरून जाते त्या धंद्यात, आवाज दुसऱ्याचा असला तरी शब्द माझे आहेत, हे ऐकणाऱ्याच्या कानात कायमचे बसवण्याची ही युक्ती आहे. मित्राच्या महत्त्वाकांक्षेला मित्राने दिलेली ही जागाच मला या सगळ्यात मोलाची वाटते.

चंदीगडच्याच आयुष्मान खुराना आणि रोचक कोहली यांनी तरुणपणी मिळून रचलेले 'पानी दा रंग' हेही अशा मैत्रीचे अपत्य. 'विकी डोनर' (२०१२) मधून ते देशभर पोचले, आयुष्मान नायक झाला, रोचक संगीतकार म्हणून स्वतंत्र उभा राहिला. अमरिंदर गिल आणि लेखक अंबरदीप सिंग यांची जोडी यांच्याहून अधिक सिनेमाची. 'अंग्रेज' (२०१५) मध्ये फाळणीपूर्वीच्या गावातला नायक आहे, तो हरतोही आणि त्याच्या हरण्याची चेष्टा होत नाही. गायक-नायकाला हरू देणारी पटकथा लिहायला लेखकाचा त्याच्यावर हक्क असावा लागतो. तो हक्क मानधनातून येत नाही, सहवासातून येतो. 'लाहोरिये' (२०१७) तर अंबरदीपने स्वतःच दिग्दर्शित केला.

पडद्यामागच्या मैत्रीचा विषय निघाला की पुण्याकडे वळावेच लागते. गुरदासपूरकडचा देव आनंद आणि गुरुदत्त हे दोघे नवखे तरुण 'प्रभात'मध्ये भेटले. मी निर्माता झालो तर तू दिग्दर्शक, हा तिथला वायदा 'बाझी'ने (१९५१) पुरा केला. 'प्रभात' ही संस्था स्वतःच १९२९ मध्ये कोल्हापुरात भागीदारांनी एकत्र येऊन उभारलेली, आणि शांतारामबापू १९४२ मध्ये तिच्यातून बाहेर पडले. 'प्रभात'च्याच पुण्यातल्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले. पंजाबीतला सर्वांत गंभीर दिग्दर्शक गुरविंदर सिंग तिथेच शिकला. छायालेखक सत्य राय नागपाल हाही तिथलाच, आणि 'अन्हे घोडे दा दान' (२०११) व 'चौथी कूट' (२०१५) दोघांनी मिळून केले. 'चौथी कूट' सुरू होतो तो दहशतीच्या काळात अमृतसरची गाडी चुकलेल्या दोन मित्रांपासून. ते एकमेकांना यार म्हणून मिठ्या मारत नाहीत. डब्यातल्या अनोळखी माणसांकडे पाहताना त्यांच्यात जी शांतता पसरते, तिच्यातून मैत्री कळते.

'अन्हे घोडे दा दान'ला ज्या ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा सन्मान मिळाला, त्याच वर्षी उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि गिरीश कुलकर्णी यांना अभिनय व संवाद असे दोन पुरस्कार मिळाले. उमेशही याच इन्स्टिट्यूटचा. 'वळू', 'विहीर', 'देऊळ' या तिन्हींत लेखक-नट आणि दिग्दर्शक एकमेकांना आधार देतात तसेच एकमेकांना अडवतातही. 'विहीर' तर दोन मुलांच्या मैत्रीवरचा, एक निघून गेल्यावर दुसऱ्याच्या आत काय उरते याचा शोध घेणारा चित्रपट आहे. 'कोर्ट'मध्ये (२०१४) विवेक गोम्बर याने चैतन्य ताम्हाणेसाठी निर्मात्याचा भार घेतला आणि वकिलाची भूमिकाही केली. मराठीत गायक-नायकाची सत्ता नाही, त्यामुळे हे सोपे गेले, हे मान्य करायला हवे. पण आपल्याकडेही सिनेमाच्या धंद्यातल्या मित्रांवर, त्यांच्यातल्या उधारीवर, श्रेयनामावलीतल्या जागेवर चांगला चित्रपट आलेला नाही.

पंजाबच्या मातीत या धंद्यातली नाती उघडी पाडण्याचा धीर कबीर सिंग चौधरी याने दाखवला. 'महसमपूर' (२०१८) मध्ये एक तरुण चित्रपटकार मुंबईहून येतो. दलित गायक अमर सिंग चमकीला याची ८ मार्च १९८८ रोजी ज्या गावात हत्या झाली, तिथे त्याला पोचायचे आहे. चमकीलाच्या पथकातल्या, त्या हल्ल्यातून वाचलेल्या ढोलकवादकाला तो पुन्हा त्या क्षणात ढकलतो, कॅमेरा चालू ठेवतो. ओळख वाढवायची, विश्वास मिळवायचा आणि त्याचे फुटेज करायचे, हा चित्रपटकाराचा हव्यास इतक्या जवळून दाखवणे पाहायला त्रास होतो, आणि तो व्हायलाच हवा. इम्तियाज अली यांचा 'अमर सिंग चमकीला' (२०२४) त्या मानाने मायाळू आहे. दिलजीतचे काम त्यात सुंदर असले, तरी साथीदारांना तिथेही भोवतीच उभे राहावे लागते.

चंदीगडचाच अपारशक्ती खुराना हिंदी चित्रपटांत अनेकदा नायकाचा मित्र झाला. 'स्त्री'तला बिट्टू सगळ्यांना आवडला. विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'ज्युबिली' (२०२३) या मालिकेत मात्र त्याला बिनोद दास मिळाला: चाळीसच्या दशकातल्या स्टुडिओचा इमानी नोकर, ज्याला नव्या नटाला आणायला पाठवले जाते, आणि जो दंगलीत त्याला वाचवत नाही. पुढे तोच मदन कुमार या नावाने नट होतो. अपारशक्ती हे सगळे जवळजवळ चेहरा न हलवता करतो. शेजारी उभे राहण्याची सवय झालेल्या माणसाच्या खांद्यांतला ताण त्याला पक्का ठाऊक आहे. ती भूमिका मुंबईत लिहिली गेली. मोहालीतल्या लेखकांपैकी कुणीतरी आता आपल्या खोलीतल्या मित्रांबद्दल तेवढ्याच निर्दयपणे लिहावे, आणि नायकाची भूमिका करणाऱ्या गायकाने ती संहिता वाचून आपल्यासाठी दुसऱ्याची भूमिका मागावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.