नोंद आणि थोरवी

विश्वकोशात कोणास स्थान द्यावे आणि कोणास देऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता संपादकमंडळाचा आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात जतमधील एका तरुणाने आमच्यापुढे एक जाडजूड वही ठेवली आणि तो प्रश्न आमच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. शिक्षणानिमित्त कोल्हापुरात राहिलेल्या या तरुणाने तेथील तालमींच्या संघांतून खेळणाऱ्या फुटबॉलपटूंची माहिती टिपून ठेवली होती. "फादर, यांच्यावर मराठी विकिपीडियात लेख लिहिले तर चालतील का?" असे त्याने विचारले. त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

मराठीला कोशवाङ्मयाची मोठी परंपरा आहे. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड सिद्ध केले. पुढे सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाची उभारणी झाली आणि त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला. छापील कोशाला पानांची मर्यादा असते. तेथे वगळणे हा नाइलाज असतो. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला ती अडचण नाही, तरीही तेथे 'उल्लेखनीयते'ची अट आहेच. जागा अमाप असताना दाराला कडी कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. आमच्या मते ती कडी योग्य आहे. कोशाची प्रतिष्ठा त्याच्या आकारात नसून त्यातील विधान पडताळून पाहता येण्यात आहे.

मात्र ती कडी कोणत्या मापाने उघडावी, याविषयी थोरामोठ्यांचेही चुकले आहे. इंग्रजी विकिपीडियात पूर्वी असा दंडक होता की, पूर्णतः व्यावसायिक लीगमध्ये एखादा सामना खेळलेला फुटबॉलपटू नोंदीस पात्र मानावा. परिणामी परदेशातील दुय्यम लीगमध्ये अखेरची दहा मिनिटे मैदानात उतरलेल्या खेळाडूलाही स्वतंत्र पान मिळे. त्यात जन्मतारीख, संघाचे नाव आणि 'सामने 1, गोल 0' यापलीकडे फारसे काही नसे. उलट कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हजारोंच्या साक्षीने वर्षानुवर्षे खेळलेला पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा आघाडीपटू या नियमाच्या कक्षेतच येत नसे, कारण जिल्ह्याची लीग व्यावसायिक नव्हे. 2022 साली हा दंडक रद्द झाला. आता केवळ खेळणे पुरेसे नाही. त्या व्यक्तीविषयी त्रयस्थाने विस्ताराने लिहिलेले असावे लागते.

हा बदल आम्हांस न्याय्य वाटतो. पण न्याय्य नियमही सर्वांवर सारखा पडत नाही. मूळचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच गावातील इतर खेळाडूंचे नाव मात्र सामन्याच्या वृत्तात एका ओळीपुरते येते: अमक्याने उत्तरार्धात गोल केला. अशा शंभर ओळी जुळवल्या तरी एक चरित्र होत नाही. आमच्या जत भागात तर फुटबॉलपेक्षा कुस्तीचे वेड अधिक. हेलसिंकी येथे 1952 साली कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोशात आहेत आणि असावेतच. पण यात्रेच्या फडात नारळापासून आरंभ करून पंचक्रोशी गाजविणाऱ्या मल्लांचा पुरावा म्हणजे एखादे जीर्ण हस्तपत्रक आणि म्हाताऱ्यांची आठवण. नियम त्यांना नाकारीत नाही; तो त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

यावर नियम सैल करावा, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याच्याविषयी दोनच बातम्या छापल्या गेल्या आणि त्यांतील एक कुठल्याशा भांडणाची, त्याची नोंद केली तर त्या भांडणाला अर्धे पान मिळेल आणि ते त्याला आयुष्यभर चिकटेल. सामान्य माणसाला कोशाबाहेर ठेवणे कधी कधी त्याच्यावर दयाच ठरते.

आम्हां धर्मगुरूंच्या हाताखाली आणखी एक पुस्तक असते: बाप्तिस्म्याची नोंदवही. तिच्यात पात्रता विचारली जात नाही. आलेल्या प्रत्येक बालकाचे नाव, आईबापांची आणि धर्ममातापित्यांची नावे, दिनांक, एवढे लिहिले की झाले. कोश हे निवडीचे पुस्तक आहे, नोंदवही स्वीकाराचे. पहिल्यात नाव नाही म्हणून माणूस हलका ठरत नाही. घोटाळा होतो तो कोशाकडून नोंदवहीचे काम मागितल्यामुळे. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे 2018 मध्ये पुरेशा आधारांअभावी नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्यांची थोरवी मे महिन्यातही तेवढीच होती; उणे होते ते तिच्याविषयीचे लेखन.

म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे: कोशाचे दार आताच ठोठावू नकोस. आधी त्या खेळाडूंच्या घरी जा. त्यांची कात्रणे पाहा, साथीदारांना भेट, तारखा ताडून घे आणि मग एकेकावर सविस्तर लेख लिही. तो आपल्यासारख्या त्रैमासिकाने, जिल्हा वृत्तपत्राने, तालमीच्या स्मरणिकेने छापावा. यांपैकी स्मरणिकेला तालमीबाहेरचा पुरावा मानता येणार नाही, हेही ध्यानात ठेव. उद्या कोशकाराला आधार हवा असेल, तर तो असा कोणीतरी आज रचून ठेवलेला असावा लागतो.

आणि वाचकहो, येथे दोष केवळ दूरच्या संपादकांचा नाही. आमच्या परिसरातील किती गुणी माणसे आमच्या डोळ्यांदेखत अलिखित गेली! त्यांच्या अंत्यविधीला आम्ही चार गौरवाचे शब्द बोललो; परंतु ते कागदावर उतरविले नाहीत. ती वही आम्ही ठेवून घेतली आहे. तिच्यातील पहिला लेख पुढील अंकासाठी संपादकांकडे धाडण्याचे आम्ही त्या तरुणाला वचन दिले आहे.