सोयराबाईंचा ठरलेला चेहरा

शिरोली एमआयडीसीत रात्रपाळीला दोनच्या सुमारास चहा होतो. मशीन शॉपच्या मागच्या पत्र्याखाली आम्ही पाचसहा जण बसतो आणि कुणाच्या तरी मोबाईलवर काहीतरी चालू असतं. ‘छावा’ ओटीटीवर आला तेव्हा तो आम्ही असाच तुकड्या-तुकड्यांनी पाहिला, चहाच्या एका सुट्टीत जेवढा बसेल तेवढा. दिव्या दत्ता पहिल्यांदा पडद्यावर आल्या आणि आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, “ही बघ सोयराबाई. नजरच वाईट हाय हिची.”

तोवर त्या फार काही बोललेल्याही नव्हत्या. पण त्याचा अंदाज चुकला नाही, कारण चुकायचं कारणच नव्हतं. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका त्याने पाहिली होती, गावच्या गणपतीत नाटक पाहिलं होतं, शाळेत भाषणं ऐकली होती. सोयराबाई म्हटल्यावर काय येणार, हे त्याला आधीच माहीत होतं.

आमच्यातला दुसरा एक जण मात्र गप्प होता. नंतर मशीनकडे जाताना तो एवढंच म्हणाला, “माझ्या आईला आमच्या गल्लीत सोयराबाई म्हणायचे. ती दुसरेपणाची म्हणून.” त्याला लहानाचं मोठं त्याच आईने केलंय. आजही त्याचा डबा तीच भरते.

त्या वाक्यामुळे हा लेख लिहायला घेतला. कथा-कादंबऱ्यांतली सोयराबाई आणि कागदपत्रांतली सोयराबाई या दोघी एकमेकींना कितपत ओळखतील, हे मला तपासायचं होतं. सोयराबाई निर्दोष होत्या असं सिद्ध करायला मी बसलेलो नाही. तसं सिद्ध होतही नाही, ते पुढे येईलच.

आधी नक्की काय माहीत आहे ते पाहू. सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांच्या. सरसेनापती हंबीरराव मोहिते त्यांचे भाऊ. सईबाई १६५९ मध्ये गेल्या. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणी म्हणून सोयराबाई महाराजांच्या शेजारी बसल्या. त्याआधी चार वर्षं राजारामांचा जन्म झाला होता. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले आणि २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांचं मंचकारोहण झालं. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. त्यांना कैद करायला निघालेल्या अण्णाजी दत्तो आणि मोरोपंतांनाच हंबीररावांनी ताब्यात घेतलं आणि पन्हाळ्यावर आणलं. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर पोचले आणि १६ जानेवारी १६८१ ला त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी शहजादा अकबराला मध्ये घेऊन रचलेला कट उघड झाला. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस, हिरोजी फर्जंद यांना मृत्युदंड झाला. ऑक्टोबर १६८१ मध्ये सोयराबाई वारल्या.

या सांगाड्यावर लेखकांनी कसकसं मांस चढवलं ते बघू.

वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चं. राज्यावर आलेलं संकट तिथे एका घरातल्या भांडणातून दिसतं: बाप, मोठा मुलगा, सून, धाकटा मुलगा आणि त्याची आई. नाटक असल्यामुळे सोयराबाईंना समोरासमोर बोलायला मिळतं. त्यांचं म्हणणं आपल्याला पटलं नाही तरी ते ऐकावं लागतं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’त केंद्रस्थानी शिवाजी महाराज आहेत आणि राण्या त्यांच्या भोवती आहेत. सईबाईंचा मऊपणा आणि सोयराबाईंचा ताठा ही जोडी वाचकाच्या मनात कायमची बसते. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची आणि ती संभाजीराजांच्या बाजूने उभी राहते. तिथून पाहिलं की सोयराबाई वाटेतला अडथळाच दिसणार. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, सावंत आजऱ्याचे. म्हणजे महाराष्ट्राच्या डोक्यातली सोयराबाई बऱ्याच अंशी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच घडली आहे.

मग २०१७ मध्ये मालिका आली. स्नेहलता वसईकर यांनी ती भूमिका जीव ओतून केली, यात वाद नाही. पण रोजच्या मालिकेची एक गरज असते. एपिसोड संपताना कुणीतरी काहीतरी रचत असावं लागतं, आणि औरंगजेब रोज रोज रायगडावर येऊ शकत नाही. म्हणून घरातलाच शत्रू जास्त उपयोगी पडतो. दोन वर्षांहून जास्त काळ ते काम सोयराबाईंकडे राहिलं. २०२५ च्या लक्ष्मण उतेकरांच्या चित्रपटात तर वेळच कमी होता. त्यामुळे थोडे प्रसंग, कटाची बोलणी, थंड नजर एवढंच उरलं. कानेटकरांच्या सोयराबाईंना निदान भांडता येत होतं. पडद्यावरच्या सोयराबाईंनी फक्त दिसायचं, बाकी प्रेक्षक समजून घेतो.

आता या चेहऱ्यावरचे तीन आरोप एकेक करून तपासू.

पहिला आरोप विषाचा: सोयराबाईंनी महाराजांना विष दिलं. महाराजांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, १६९७ मध्ये, कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तो ज्वराचं कारण देतो. ती बखर राजारामांच्या आज्ञेवरून लिहिलेली, म्हणजे सोयराबाईंच्या मुलाच्या दरबारातली. ती धरूनच वाचायला हवी, हे मान्य. पण महाराज आजारी पडून गेले असं इंग्रजांच्या पत्रांतही येतं, आणि त्यांना सोयराबाईंची बाजू सांभाळायचं काही कारण नव्हतं. विषाची गोष्ट रंगते ती पुढच्या काळातल्या बखरींत.

दुसरा आरोप त्यांच्या मरणावरून येतो. संभाजीराजांनी रायगडावर येताच सोयराबाईंना भिंतीत चिणून मारलं, ही हकीकत अजूनही लोक सांगतात. ती मुख्यतः मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीतून पसरली. ही बखर १८१० च्या आसपासची, म्हणजे घटनेनंतर तब्बल एकशेतीस वर्षांनी लिहिलेली. शिवाय हा चिटणीस कोण? संभाजीराजांनी ज्या बाळाजी आवजींना मृत्युदंड दिला, त्यांचा वंशज. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही संभाजीराजे गडावर आल्यावर लगेच सोयराबाईंना हाल करून मारल्याचं येतं.

इथे तारखा पुढे ठेवल्या की गंमत होते. जून १६८० मध्ये मारल्या गेलेल्या सोयराबाई २४ ऑगस्ट १६८० च्या संभाजीराजांच्या संस्कृत दानपत्रात भेटतात. कुडाळच्या बाकरे घराण्याला दिलेलं हे दानपत्र. त्यात संभाजीराजे आपल्या या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हणतात. गादीचा झगडा होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हे मनापासून होतं की राजकारण म्हणून, हा वेगळा प्रश्न. पण ज्या बाईला चिणून मारलं तिची अशी स्तुती कुणी दानपत्रात करत नाही. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० च्या चरित्रात आणि पुढे कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’मध्ये कागदपत्रांच्या आधारे जुन्या बखरींचं हे जाळं सोडवलं.

या खोट्या गोष्टीने एका वेळी दोघांना बदनाम केलं, हेही लक्षात घ्या: संभाजीराजांना क्रूर ठरवलं आणि सोयराबाईंना पापी. पुढे संभाजीराजांवरचा डाग पुसायला बेंद्रे आले, सावंत आले, मालिका आली, सिनेमा आला. ते व्हायलाच हवं होतं. पण राजांना उजळवताना सोयराबाईंचा काळा रंग जरा जास्तच उपयोगी पडला.

असं जगात इतरत्रही झालंय. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची राणी अ‍ॅन बोलीन हिच्या हाताला सहा बोटं होती, असं आजही लोक सांगतात. ते लिहून ठेवलं निकोलस सँडर या तिच्या विरोधी पंथाच्या माणसाने. १५३६ मध्ये तिचं डोकं उडवलं तेव्हा हा सहाएक वर्षांचा पोरगा होता. राणी मेली की तिची गोष्ट तिच्या विरोधकांच्या घरात वाढते.

तिसरा आरोप सत्तालोभाचा. इथे सोयराबाईंचा वकील व्हायचं मी टाळतो, कारण इथे पुरावा आहे. राजारामांना गादीवर बसवण्यात त्या होत्या. १६८१ च्या कटाबद्दलच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात राजारामांच्या आईचं नाव येतं. म्हणजे कादंबरीकारांनी सगळं हवेतून काढलेलं नाही.

पण एप्रिल १६८० मध्ये रायगडावरून जग कसं दिसत होतं, हे यातली फार थोडी पुस्तकं दाखवतात. युवराज डिसेंबर १६७८ मध्ये दिलेरखानाकडे गेले होते आणि वर्षभराने परतले होते. महाराज गेले तेव्हा त्या परतण्याला फार तर चार महिने झाले होते. आज आपल्याला संभाजीराजांचा शेवट माहीत आहे. १६८९ मध्ये हाल हाल होऊनही ते वाकले नाहीत, हे माहीत आहे. १६८० मध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. अष्टप्रधानांतल्या जुन्या माणसांना आणि एका दहा वर्षांच्या मुलाच्या आईला शंका येणं यात राक्षसी काही नव्हतं. शंका चुकीची ठरली. पण चुकणं आणि दुष्ट असणं यात फरक आहे, आणि चांगली कादंबरी याच फरकावर उभी राहते.

आता मला सगळ्यात जास्त छळणारा मुद्दा. सकाळी पाळी सुटली की मी पंचगंगेचा पूल ओलांडून कोल्हापुरात शिरतो. ताराराणी चौकात घोड्यावरच्या ताराराणींचा पुतळा लागतो. ताराराणी म्हणजे हंबीररावांची मुलगी, म्हणजे सोयराबाईंची भाची आणि सूनही.

१७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. ताराराणींनी आपल्या लहानग्या शिवाजीला गादीवर बसवलं. थोरल्या पातीचे शाहू तेव्हा मोगलांच्या कैदेत होते. १७०७ मध्ये ते सुटून आले तरी ताराराणींनी त्यांचा हक्क मानला नाही, लढाई केली. म्हणजे थोरल्या पातीचा वारस बाजूला आणि आपला लहान मुलगा गादीवर. आत्याने १६८० मध्ये दुसरं काय केलं होतं? पुढे १७१४ मध्ये राजसबाईंनी ताराराणींनाच कैद करून आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. पुन्हा तेच.

आत्या खलनायिका झाली आणि भाची रणरागिणी. यामागचं एक कारण खरं आणि मोठं आहे: ताराराणींनी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली आणि स्वराज्य टिकवलं. त्या मानाच्या हकदार आहेत, त्यात तडजोड नाही. पण त्यामुळे सत्ता मागणं हा गुन्हा असतो की नाही, याचं उत्तर आपण निकाल बघून देतो हे उघड होतं. जिंकली तर राजकारण, हरली तर कारस्थान.

तिसरी बाई येसूबाई. १६८९ मध्ये पदरात लहान शाहू असताना त्यांनी राजारामांना पुढे केलं आणि स्वतः कैद पत्करली, जवळजवळ तीस वर्षं. त्यांच्याबद्दल एकही कथाकार वाकडं लिहीत नाही, आणि बरोबरच आहे. मात्र तिघींना शेजारी उभं केलं की आपल्या कथांचा नियम दिसतो. जी सोडून देते ती थोर. जी मागते ती वाईट. मागूनही थोर ठरायचं असेल तर घोड्यावर बसून परक्या शत्रूला हरवावं लागतं.

सोयराबाईंच्या गोष्टीत खरं नाट्य कुठे आहे? माझ्या मते हंबीररावांपाशी. सख्ख्या भावाने भाच्याची गादी नाकारली आणि सावत्र भाच्याच्या बाजूने तलवार उभी केली. २०२२ मध्ये ‘सरसेनापती हंबीरराव’ हा सिनेमा आला. हंबीररावांच्या निष्ठेवर आपण टाळ्या वाजवतो. रायगडावर ती बातमी पोचली त्या दिवशी बहिणीला काय वाटलं असेल? आणि त्यानंतर दीड वर्ष, त्याच गडावर, हरलेली राजमाता म्हणून रोज सकाळी उठणं कसं असेल? या दीड वर्षावर एक अख्खी कादंबरी होऊ शकते. तिथे कट आहे, पश्चात्ताप असू शकतो, दानपत्रातली ती स्तुती आहे आणि मुलाची काळजी आहे. बखरींनी तर तिला आधीच मारून टाकून हा काळच खाऊन टाकला.

चित्रपट आल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. सोयराबाईंच्या बाजूने असा आवाज माझ्या कानावर आला नाही. आणि खरं सांगायचं तर मला माफी नकोच आहे. लेखकाला कल्पना करायची मुभा हवी. कागदपत्रं जिथे गप्प आहेत तिथे त्याने बोलावं. फक्त कागदपत्रं बोलतात तिथे त्याने कान बंद करू नयेत.

फौंड्रीत एक साधी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पॅटर्नच दोन मिलिमीटर चुकलेला असला तर त्यातून निघणारा प्रत्येक नग दोन मिलिमीटर चुकतो. ग्राइंडिंग कितीही करा. सोयराबाईंचा पॅटर्न १८१० च्या आसपास बनला, आणि आपण अजून त्यातूनच नग काढतोय. नट्या बदलल्या, कॅमेरे बदलले, पॅटर्न तोच.

परवा चहाला मी त्या मित्राला दानपत्राची गोष्ट सांगितली. खुद्द संभाजीराजांनी त्यांच्या दुसऱ्या आईबद्दल काय लिहिलंय ते. त्याने कप खाली ठेवला, मोबाईल काढला आणि म्हणाला, “परत सांग. तारीख काय म्हणालास?” मी सांगितली. त्याने ती लिहून घेतली, घरी दाखवायला.