मकराच्या तोंडी काय असते?

आमच्या दादरच्या घरी गणपतीच्या मागे पितळी प्रभावळ लावतात. यंदा आरती आटोपल्यावर नातीने तिच्याकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, हा ड्रॅगन आग का नाही सोडत?" घरात हशा पिकला, पण मला काही हसू आले नाही. प्रभावळीच्या दोन्ही अंगांना जबडा वासून बसलेला तो प्राणी ड्रॅगन नव्हे, मकर आहे. पोरीने त्याला परक्या नावाने हाक मारली, कारण त्याची खरी ओळख आम्हीच तिला कधी करून दिली नव्हती.

कल्पित प्राण्याचे परीक्षण कोणत्या कसोटीवर करावे? माझ्या मते कथेतील पात्राला जी कसोटी लावतो तीच. तो कसा दिसतो हे दुय्यम; तो तसा का वागतो हे मुख्य. सुसरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशाची शेपटी एकत्र शिवली की मकर होतो, असे समजणारा कारागीर गोधडी शिवतो, प्राणी घडवीत नाही.

मकराचे घराणे फार जुने. बिहारातील बराबर टेकड्यांत, लोमश ऋषीच्या मौर्यकालीन लेण्याच्या कमानीवर हत्तींच्या रांगेच्या दोन्ही टोकांना तो आहेच. आरंभी त्याचे रूप मगरीच्या जवळचे होते. पुढे नाकाची सोंड झाली आणि शेपटीची वेलबुट्टी होऊन ती पाठीवर फुलली. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात गंगा त्याच्यावर उभी आहे. वरुणाचे वाहन तो, मदनाच्या ध्वजावर तो, आणि पंढरीच्या विठोबाच्या कानीही तोच. आपल्या मराठीतली 'मगर' ह्याच शब्दाची लेक.

आता त्याची शरीररचना पाहा. गजेंद्रमोक्षाच्या कथेत हत्ती आणि नक्र हाडवैरी आहेत. मकराच्या देहात मात्र जबडा आणि सोंड शेजारी नांदतात. पाण्यात ओढून नेणारे आणि पाणी उचलून अंगावर उडवणारे, अशी पाण्याची दोन्ही रूपे शिल्पकाराने एका मस्तकात बसवली. शेपटीकडे पाने-वेली फुटतात, कारण पाणी जिथे जाते तिथे हिरवे उगवते. एकही अवयव उगाच चिकटवलेला नाही.

आणि त्याचे वागणे? मकराचे तोंड सदैव उघडे असते, पण बहुधा ते गिळण्यासाठी नव्हे. त्यातून तोरणाची कमान निघते, वेल निघते, देवळाच्या प्रणाळातून अभिषेकाचे पाणी निघते. प्रभावळीच्या माथ्यावर बसलेले कीर्तिमुख हे भुकेचे रूप: शिवाच्या आज्ञेने स्वतःचाच देह खाऊन नुसते तोंड उरलेले. खालचा मकर देतो, वरचे कीर्तिमुख खाते; आणि ह्या दोहोंच्या मध्ये देव बसतो. आपल्या कारागिरांनी एवढे तत्त्वज्ञान एका पितळी कमानीत वाकवून ठेवले आहे.

हे नुसते कवित्व आहे असेही नाही. मगरीची मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, आतून पिलांचा आवाज आला की माती उकरते आणि त्या भयंकर जबड्यात पिले अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. जबड्यातून जीव सुखरूप बाहेर येतो, हे निसर्गातच घडते. मारुतीच्या घामाचा थेंब गिळून मकरध्वजाला जन्म देणारी कीर्तनातली मकरी ह्या मगरीची थोरली बहीणच म्हणायची!

पाश्चात्त्य ड्रॅगनचा स्वभाव ह्याच्या उलट. तो सोन्यावर बसतो, आग ओकतो आणि शेवटी वीराच्या हातून मरतो. पण तिकडचे सगळेच अक्राळविक्राळ प्राणी तसे नव्हेत. बोरीबंदरच्या स्टेशनाकडे मान वर करून पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेल्या आणि 1887 साली राणीच्या ज्युबिलीच्या मुहूर्तावर नाव मिळालेल्या त्या इमारतीवरचे बरेच कोरीव काम मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे. भिंतीबाहेर माना काढलेले तिथले प्राणी ज्या गॉथिक कुळातले, त्या कुळाचे मूळ काम छपरावरचे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणे. म्हणजे चेहरा परका, पण धंदा आपल्या मकराचाच! म्हणूनच मुंबईच्या पावसात ते उपरे वाटत नाहीत.

खरा दोष दिसतो तो अलीकडच्या काही आराशींत. परळच्या बाजूला एका मंडळाच्या प्रवेशद्वारावर मी मकराची जोडी पाहिली. सोंड होती, दात चांगले वीतभर होते, पाठीवर वटवाघळाचे पंख होते आणि तोंडातून लाल दिव्याचा धूर निघत होता. मुले खूश होती. त्यांच्या आनंदाला माझी हरकत नाही. परके रूप उचलले ह्याबद्दलही तक्रार नाही. कलेत देवाणघेवाण चालायचीच. आपल्या राशिचक्रातल्या मकराच्या जागी ग्रीकांकडे अर्धा बोकड, अर्धा मासा होता. आपण रास घेतली, पण तिच्यात बसवला आपला पाण्याचा प्राणी. त्यात घेणाऱ्याची समज होती. परळच्या त्या दारावर मात्र पाणी देणाऱ्याच्या तोंडी विस्तव दिला होता. हे म्हणजे नाटकात आईच्या तोंडी सावत्र आईची भाषणे घालण्यासारखे झाले.

लालबाग-परळच्या कारखान्यांत आजही बोटांत कला असलेले कारागीर आहेत. त्यांना दोष देण्याआधी आपण गिऱ्हाइकांनी स्वतःकडे पाहावे. 'काहीतरी जबरदस्त करा' असे सांगणारे आपणच. 'मकराच्या तोंडातून काय काढणार?' असा प्रश्न आपण विचारला असता, तर त्याच हातांनी उत्तर घडवले असते.

नातीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभावळ जवळून दाखवली. चिंचेने घासलेल्या पितळेवर बोट फिरवीत ती मकराच्या जबड्यापासून निघाली, कमानीवरून वर चढली आणि पलीकडच्या मकराच्या तोंडाशी उतरली. मग म्हणाली, "म्हणजे बाप्पा ह्यांच्या तोंडातून आलेल्या घरात बसलाय?"

एवढे नेमके रसग्रहण मला साधले नसते.