फी एकाची, फुफ्फुसं दुसऱ्याची

सल्लागाराची फी ऐकली की आपण म्हणतो, 'दोन तास बोलला आणि एवढे पैसे?' हा आक्षेप आम्हाला कच्चा वाटतो. त्या दोन तासांमागे अनेक वर्षांचा अनुभव असतो. परवडत नसेल तर अशिलाने दुसरा सल्लागार पाहावा. प्लेटोच्या संवादातला प्रोटागोरस तर याहून पुढे जातो. माझी फी जास्त वाटत असेल तर देवळात जा, माझ्या शिकवण्याची किंमत शपथेवर सांगा आणि तेवढीच द्या, असं तो म्हणतो. सौदा चोख आहे, कारण शिकणारा आणि पैसे मोजणारा माणूस एकच.

आता एडवर्ड बर्नेज यांच्याकडे येऊ. १९२३ सालच्या 'क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन' या पुस्तकात त्यांनी जनसंपर्क सल्लागाराची तुलना वकिलाशी केली. वकील न्यायालयात अशिलाची बाजू मांडतो, तशी हा लोकमताच्या न्यायालयात मांडतो. यात तथ्य आहे. चांगली गोष्टसुद्धा लोकांना आपोआप पटत नाही. 'गॉर्जियस' या संवादात गॉर्जियस हेच सांगतो: वैद्याचं न ऐकणारा रोगी माझ्या बोलण्याने उपचाराला तयार झाला. अशा समजावणीचं सामाजिक मूल्य आपण नाकारू शकत नाही.

पण १९२९ सालचा ईस्टरचा दिवस पाहा. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणींनी 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून सिगारेटी पेटवल्या. लोकांना ते स्त्रीमुक्तीचं पाऊल वाटलं. योजना बर्नेज यांची होती आणि पैसे अमेरिकन टोबॅको कंपनीचे, पण रस्त्यावरच्या बघ्यांना याचा पत्ता नव्हता. न्यायालयात वकील कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असतं. समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश. इथे यातलं काय होतं? वकिलाची उपमा इथे मोडते.

त्या कंपनीला देवळात उभं केलं असतं, तर तिने फी योग्यच आहे अशी शपथ घेतली असती. पण ज्यांच्या फुफ्फुसांत धूर गेला, त्यांना देवळात कोण बोलावणार? पुढे १९६०च्या दशकात बर्नेज स्वतःच धूम्रपानविरोधी प्रचारात उतरले, हेही नोंदवायला हवं.

तेव्हा मोठी फी घेण्यात आम्हाला गैर दिसत नाही. मात्र तो आकडा फार तर अशिलाचा फायदा सांगतो. समाजाचा फायदा त्यातून सिद्ध होत नाही. समाजसेवेचा दाखला हवा असेल, तर पैसे कोणी दिले हे आधी उघड सांगा. मग किंमत आपण ठरवू.