ग्रंथसूचीचे प्रयोजन आणि तिची मर्यादा

ग्रंथाच्या शेवटी छापलेली सूची वाचण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही. मजकूर संपला की वाचक ग्रंथ मिटून ठेवतो. पुष्कळदा लेखकही ती पाने केवळ रीत म्हणून भरतो आणि ज्यांचे तोंडही पाहिले नाही असे ग्रंथ तीत मानाने बसवितो. देवस्थानच्या जमाखर्चात न आलेली रक्कम जमेस धरावी, तसाच हा प्रकार होय. आम्ही काय वाचले, कोठून घेतले आणि आमचे म्हणणे ताडून पाहावयाचे असल्यास कोठे जावे, हे प्रामाणिकपणे सांगणे एवढेच संदर्भसूचीचे प्रयोजन आहे. हिशेब खोटा असेल, तर पुढचा सारा विचार संशयास्पद ठरतो.

एका ग्रंथामागील या सूचीहून, एखाद्या भाषेतील समग्र वाङ्मयाची सूची ही वस्तू निराळी. तिच्याअभावी संशोधक अंधारात चाचपडतो. झालेलेच काम पुन्हा करतो आणि न झालेले झाले असे समजून चालतो. थिओडोर आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताने ठिकठिकाणच्या हस्तलिखित-याद्या एकत्र करून ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ ही संस्कृत ग्रंथांची महासूची 1891 ते 1903 या काळात तीन भागांत प्रसिद्ध केली. एका ग्रंथाच्या प्रती कोणकोणत्या संग्रहांत आहेत, हे अभ्यासकास तीमुळे एके ठिकाणी कळू लागले. पुढे मद्रास विद्यापीठाने तिची नवी आवृत्ती हाती घेतली व तिचा पहिला खंड 1949 साली निघाला. पाठभेद ताडून शुद्ध संहिता सिद्ध करण्याचे काम प्रती कोठे आहेत हे कळल्यावाचून सुरूच होऊ शकत नाही.

मराठीत हे ऋण शंकर गणेश दाते यांचे आहे. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग 1800 ते 1937 या काळातील ग्रंथांची नोंद घेतो; 1938 ते 1950 चा दुसरा भाग 1961 साली प्रसिद्ध झाला. संस्थेने करावयाचे काम एका व्यक्तीने अंगावर घेतले आणि तडीस नेले. अमुक विषयावर मराठीत काहीच लिहिले गेले नाही, असे विधान सभेत ठोकून देणाऱ्याने आधी ही पाने चाळावीत. बहुधा त्यास विधान मागे घ्यावे लागेल.

परंतु सूचीचा आदर करणे म्हणजे तिची मर्यादा विसरणे नव्हे. दात्यांनी आपली आरंभरेषा शीर्षकातच स्पष्ट सांगितली आहे. दोष आहे तो त्या रेषेस मराठी मुद्रणाचा आरंभ समजणाऱ्यांचा. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपुरास छापले गेले, तेथूनच मराठी ग्रंथमुद्रणाची कथा सुरू करणारे लेख आजही वाचावयास मिळतात. गोव्यात छापखाना आला तो 1556 साली. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. त्यांचीच कोंकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ 1622 सालची. लिपी रोमन आणि विषय परधर्माचा, म्हणून ही पुस्तके आमची नव्हेत असे म्हणावयाचे काय? ज्या सत्तेखाली ती छापली गेली, त्याच सत्तेखाली साष्टी-बारदेशातील देवळे पडली आणि श्रीमंगेश, श्रीशांतादुर्गा, श्रीम्हाळसा यांना अंत्रुजात आश्रय घ्यावा लागला, हे आम्ही विसरत नाही. तरीही भाषेचा हिशेब मांडताना राग बाजूस ठेवावा लागतो. सूचीने न्याय करावयाचा नसतो. साक्ष द्यावयाची असते.

त्या पुराणाच्या 1616, 1649 व 1654 या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1907 साली मंगळुरास जी आवृत्ती निघाली ती हस्तलिखितांवरून. ग्रंथ गेला, नोंद उरली, आणि त्या नोंदीमुळेच शोध चालू राहिला. नोंदही नसती, तर काही हरवले आहे हेसुद्धा कोणास कळले नसते.

दुसरी उणीव आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांच्या अधिक जवळची आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात 1867 च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाची नोंद सक्तीची झाली आणि सरकारी त्रैमासिक याद्या निघू लागल्या. बेळगाव त्या कक्षेत होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद ही संस्थाने आणि पोर्तुगीज अमलाखालील गोवे बाहेर होते. साहजिकच तेथे छापलेले एखादे स्थलमाहात्म्य, आरत्यांचा संग्रह, नाटक किंवा कुलवृत्तांत त्या याद्यांत आपोआप येत नसे. अशा पुस्तकांसाठी सूचीकारास घरोघर हिंडावे लागते, आणि एकटा मनुष्य किती हिंडणार?

हे काम ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांनीच केले पाहिजे. देवस्थानांच्या कपाटांत, जुन्या वाचनालयांत, माजघरातील पेटाऱ्यांत जे आहे त्याची यादी करावयास मोठी विद्वत्ता लागत नाही. ग्रंथाचे नाव, कर्ता, छापखाना, गाव, शक वा सन, आवृत्ती, पृष्ठसंख्या आणि प्रत कोणाकडे आहे, इतके लिहिले की पुरे. मुखपृष्ठ फाटलेले असेल तर तसे लिहावे. अंदाजाने साल घालू नये. चुकीची नोंद ही नोंद नसण्याहून घातक, कारण तिच्यावर विसंबून पुढील दहाजण चुकतात.

आपल्या वाङ्मयाची उपेक्षा झाली, ही तक्रार आम्ही वरचेवर करतो. ती खरी असली, तरी पुराव्यावाचून तिला वजन नाही. वाळवी मात्र कोणाच्या सवडीसाठी थांबत नाही. म्हणून तक्रारीचा पुढील ठराव करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावची एक वही भरावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.