तंजावरचा मराठी शिलालेख : साधन म्हणून त्याची योग्यता

तंजावर येथें बृहदीश्वराच्या दर्शनास जाणारा महाराष्ट्रीय अभ्यासक देवदर्शन आटोपल्यावर प्राकाराच्या नैर्ऋत्य भागाकडे वळल्यावांचून राहत नाहीं. तेथील भिंतींवर भोसले कुळाचा इतिहास मराठी भाषेंत व बाळबोध लिपींत कोरलेला आहे. हा लेख दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेवरून बाबुराय चिटणीस यांनीं रचिला असून तो डिसेंबर १८०३ मधील आहे. त्याचा विस्तार फार मोठा, भाषा दक्षिणेंतील दरबारी मराठीची उत्तम साक्ष देणारी व स्थान एका अतिप्राचीन देवालयाचें. अशा लेखाविषयीं आदर वाटावा हें योग्यच आहे. परंतु आदर व प्रमाणबुद्धि या दोन गोष्टी भिन्न आहेत. “शिलालेख” या एका शब्दावर भिस्त ठेवून त्यांतील विधानें अस्सल पुराव्याच्या पंक्तीस बसविलीं जातात, तेवढ्याचीच परीक्षा येथें कर्तव्य आहे.

दगडावरचा मजकूर अस्सल कशानें ठरतो, याचें उत्तर याच देवळाच्या दुसऱ्या लेखांत मिळतें. हें देऊळ चोल राजा पहिला राजराज (राज्यकाल ९८५-१०१४) यानें बांधविलें. आपल्या राज्याच्या २५ व्या वर्षाच्या २७५ व्या दिवशीं, म्हणजे सन १०१० मध्यें, त्यानें शिखरावर चढविण्यास कलश अर्पण केला, अशी नोंद तेथेंच आहे. राजा, त्याची वडील बहीण कुंदवै, राण्या व अधिकारी यांनीं दिलेलीं दानें विमानाच्या जोत्यावर व इतरत्र तमिळांत कोरलेलीं आहेत. दागिन्यांचें वजन देतांना सोनें कोणत्या वजनानें तोललें व रत्नें कोणत्या वजनानें, हें निरनिराळें नमूद आहे. देवळाच्या सेवेस आणलेल्या ४०० नर्तकींस प्रत्येकीं एक वांटा नेमून दिला होता. एका वांट्याचें उत्पन्न वर्षास १०० कलम भात, असा स्पष्ट हिशेब आहे. हे लेख प्रमाण आहेत ते दगडावर आहेत म्हणून नव्हेत. ज्यांनीं दिलें व ज्यांनीं घेतलें, त्यांच्या हयातींत, देण्याघेण्याचा दाखला म्हणून ते कोरले गेले, हें त्यांचें बळ आहे.

नोंद मागें पडली कीं स्मृति किती लवकर भ्रष्ट होते, याचें उदाहरणही याच नगरांत आहे. स्थलपुराणानें हें देऊळ राजराजाचें न म्हणतां प्राचीन करिकाल चोलाचें म्हटलें. राजराजाचें नांव भिंतीवर शेकडों वेळां कोरलेलें असतां गांवांत कथा मात्र करिकालाची चालत राहिली! डॉ. हुल्ट्श यांची १८८६ मध्यें सरकारी लेखतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाल्यावर या लेखांचें पद्धतशीर वाचन झालें, १८९१ पासून ते छापून निघूं लागले आणि वाद मिटला. आख्यायिका नोंदीपुढें टिकली नाहीं.

आतां मराठी लेखाकडे येऊं. शहाजीराजे १६६४ मध्यें वारले. त्यांच्या चरित्राचा भाग कोरला गेला तो १३९ वर्षांनीं. व्यंकोजीराजांनीं तंजावरचें राज्य हस्तगत केलें त्यास सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां या भागापुरता हा लेख म्हणजे दगडावर लिहिलेली बखरच होय. बखर कागदावर असती तर तिची जी छाननी आपण केली असती, तीच येथेंही केली पाहिजे. याउलट व्यंकोजीराजांनीं नागपट्टणच्या डचांस १६७६ मध्यें दिलेला रुप्याच्या पत्र्यावरील करार आकारानें लहान असला तरी समकालीन आहे. त्या वर्षापुरता त्याचा शब्द या सबंध भिंतीहून वजनदार मानला पाहिजे.

लेखाच्या उत्तरार्धाची गोष्ट निराळी आहे. १७७३ मध्यें अर्काटच्या नबाबासाठीं कंपनीच्या फौजेनें तंजावर घेतलें व १७७६ मध्यें तें दुसऱ्या तुळजाजीराजांस परत मिळालें. हे प्रसंग पाहिलेलीं माणसें १८०३ मध्यें हयात असणारच. म्हणून येथें माहिती जवळची आहे. परंतु जेथें माहिती जवळची, तेथें हेतुही जवळचा. सरफोजीराजे १७८७ मध्यें दत्तक घेतले गेले. त्या दत्तकाच्या शास्त्रशुद्धतेवर वाद माजून गादी तुळजाजींचे सावत्र बंधु अमरसिंह यांजकडे गेली. ती १७९८ मध्यें सरफोजीराजांस मिळाली व लगेच १७९९ च्या तहानें राज्याचा कारभार कंपनीच्या हातीं गेला. राजांकडे किल्ला, मान व नेमणूक एवढेंच उरलें. त्यानंतर चार वर्षांनीं ही वंशावळ कोरविली गेली. दत्तकाविषयीं व अमरसिंहाविषयीं या लेखांत जें आहे, तें एका पक्षकाराचें निवेदन आहे, हें वाचकानें क्षणभरही विसरूं नये.

मग लेखाची किंमत कमी झाली काय? आमच्या मतें ती कमी होत नाहीं, वेगळी ठरते. ज्याचें राज्य गेलें त्या राजानें आपलें कुळ चोलांच्या देवळाच्या दगडावर, आणि तेंही मराठींत, कां कोरवावें, या प्रश्नाचा हा लेख प्रत्यक्ष पुरावा आहे. सतराव्या शतकाविषयीं तो दुय्यम साधन आहे. १८०३ च्या तंजावर दरबाराच्या मनाविषयीं तो पहिल्या प्रतीचें साधन आहे. त्या दरबारची भाषा, शब्दसंग्रह व पूर्वजांविषयींची त्याची समजूत यांसाठीं याहून चांगला पुरावा मिळणें कठीण.

हा लेख वि. सांबमूर्ति राव यांनीं १९०७ मध्यें प्रसिद्ध केला, हे त्यांचे उपकार आहेत. परंतु छापील पाठ हा मूळ दगडास पर्याय होऊं शकत नाहीं. ठसे व छायाचित्रें घेऊन ओळीस ओळ लावून पाठ निश्चित करावा. प्रत्येक विधानासमोर सरस्वती महाल ग्रंथालयांतील मोडी कागद व डच आणि इंग्रज दप्तरांतील नोंदी मांडाव्या. जेथें समकालीन कागद लेखास दुजोरा देतो तेथें तें विधान स्वीकारावें. जेथें लेख एकटाच बोलतो तेथें “१८०३ मध्यें असें मानीत” एवढेंच लिहावें. ज्यांच्या संग्रहीं तंजावरकरांचा जुना पत्रव्यवहार असेल, त्यांच्या एका चिठोऱ्यानेंही या भिंतीवरील एखादी ओळ खरी किंवा खोटी ठरूं शकेल. दगडाची झीज थांबविणें आपल्या हातीं नसलें तरी अशीं चिठोरीं जपणें व त्यांच्या नकला करून ठेवणें हें आपल्या हातीं आहे.